बुडालेल्या देशाची तिकिटं आणि आमचे साडू

पूर्व जर्मनी नावाचा देश जगाच्या नकाशावरून कधीच पुसला गेला असला, तरी त्या देशाचा एक कट्टर, प्रसंगी कर भरायलाही तयार असलेला नागरिक पुढे कितीतरी वर्षं सौदीतल्या दम्माममध्ये राहत होता आणि तो माझा साडू होता. त्यांनी त्या देशात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांना येणारे सगळे जर्मन शब्द टपालाच्या तिकिटांवर छापलेले होते, त्यामुळे व्यापारी जत्रा, रेल्वेचं इंजिन, रानमेंढा आणि कामगारांची एकजूट यांखेरीज इतर कुठल्याही विषयावर त्यांना जर्मनमध्ये बोलता आलं नसतं. तरीही ते "आमच्याकडे" म्हणाले की ऐकणाऱ्याला क्षणभर थांबून अंदाज घ्यावा लागे, की हे आता गुहागरबद्दल बोलतायत की लाइपझिगबद्दल. "आमच्याकडे सुरुवातीला कागदाची फार टंचाई होती हो," असं एकदा त्यांनी भर पंगतीत सांगितलं, तेव्हा शेजारी बसलेल्या नवख्या माणसाने सहानुभूतीने विचारलं, "शाळेत?" साडू म्हणाले, "टपाल खात्यात," आणि शांतपणे आमटी ओरपली.

समाजवादाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पगारवाढीच्या वेळी ते पक्के भांडवलदार होत, आणि मिठाईचा डबा उघडला की समान वाटप ही कल्पना त्यांना अजिबात पटत नसे. त्यांचं प्रेम होतं ते फक्त त्या देशाच्या तिकिटांवर. शाळेत असताना रत्नागिरीच्या एका पुस्तकांच्या दुकानात त्यांना परदेशी तिकिटांचं एक पाकीट मिळालं होतं. त्यातली सगळ्यांत देखणी तिकिटं याच देशाची निघाली: कासवं, विमानं, खेळणी, अंतराळवीर, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात इतका नेटका शिक्का, की जणू बाळाला तीट लावली आहे. मागे गोंद तसाच. म्हणजे ही तिकिटं कुठल्याही पत्रावर कधी बसलीच नव्हती. छापखान्यातून बाहेर पडल्या पडल्या सरकारने शिक्का मारून ती परदेशी शौकिनांना विकायला काढली होती, परकीय चलनासाठी. तिकिटांच्या छंदातले मानी लोक अशा मालाला नाक मुरडतात. साडूंसमोर कुणी तसं नाक मुरडलं की ते चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "त्या देशाच्या माणसांना बाहेर जायची परवानगी नव्हती. तिकिटांना होती. ती पार रत्नागिरीपर्यंत आली. तुम्ही इथे गावी जायचं म्हटलं की एक्झिट-रीएंट्रीसाठी कफीलाकडे किती खेटे घालता, आठवा जरा." कफील म्हणजे आमचा जामीनदार मालक, आणि त्याच्या सहीशिवाय आम्हालाही देशाबाहेर पडता येत नसे.

नोकरी त्यांची रास तनुराला, तेलाच्या टाक्यांना दिलेला रंग तपासण्याची. रंगाचा थर किती जाड आहे, कुठे फुगवटा आलाय, कुठे आधीचा गंज न खरवडता वरून नुसता ब्रश फिरवलाय, हे ते टाकीच्या अंगाला डोळा लावून सांगत. खिशात एक लहान भिंग कायम. सकाळी त्या भिंगाखाली तिमजली इमारतीएवढी टाकी, आणि संध्याकाळी त्याच भिंगाखाली नखाएवढं तिकीट. दोन्हीकडे शेरे सारखेच. "बेस कोट चांगला आहे, फिनिशिंगला घाई केली," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून टाकीबद्दलही ऐकलं आहे, तिकिटाबद्दलही आणि एकदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या केकबद्दलही.

त्यांच्या घरात दोन बेडरूम होत्या. त्यातली जास्त गार बेडरूम तिकिटांची होती. दम्मामच्या दमट उन्हाळ्यात मीठसुद्धा बरणीत दगड होऊन बसतं, तिथे गोंद लावलेल्या कागदांचं काय होणार. म्हणून त्या खोलीचा एसी बारा महिने चालू असे, आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, घामाघूम होऊन स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत म्हणायची, "मला एक सवत आहे, आणि ती बुडालेल्या देशातली आहे." ओल्या केसांनी त्या खोलीत जायला बंदी होती. आत जाण्यापूर्वी हात दाखवावे लागत, दोन्ही बाजूंनी. कागदातली जलचिन्हं बघण्यासाठी साडू काळ्या बशीत तिकीट उलटं ठेवून त्यावर लायटरमधलं पेट्रोल थेंबाथेंबाने सोडत. ओल्या कागदातून मग गव्हाच्या लोंब्या आणि अक्षरं हळूहळू वर येत, आणि साडूंच्या चेहऱ्यावर बारशाला आलेल्या आजोबांसारखा भाव येई. एकदा तो वास जिन्यात गेला आणि इमारतीचा रखवालदार धावत वर आला. "या शेख, बेट्रोल?" त्याने घाबरून विचारलं. साडूंनी त्याला आत बोलावलं, हात तपासले, खुर्चीवर बसवलं आणि बशी दाखवली. तो येमेनचा म्हातारा बराच वेळ बशीत बघत राहिला आणि "माशाल्ला" म्हणून गेला. त्यानंतर वास आला की तो जिन्यातल्या इतर भाडेकरूंना स्वतःच समजावून सांगायचा, की वरच्या मजल्यावर शेख देशाला आंघोळ घालतायत.

त्या तिकिटांचा इतिहास साडूंनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला होता, की आमच्या मुलांना शिवाजी महाराजांच्या आधी पंचवार्षिक योजनेची मालिका पाठ झाली होती. सुरुवातीची तिकिटं लहान, एकरंगी, खरबरीत कागदाची. त्यांवर भट्टीपुढचा लोहार, पाना घेतलेला गडी, डोक्याला रुमाल बांधलेली बाई, इमारतीवर विटा रचणारा गवंडी. यांतलं कुणीही बघणाऱ्याकडे बघत नाही. सगळे डावीकडे, जरा वर, जिथे भविष्यकाळ असतो तिकडे. साडूंना हे इतकं आवडे, की समुद्रावर सहलीला गेलो आणि फोटो काढायची वेळ आली की ते सगळ्यांना ओरडत, "कॅमेऱ्याकडे कोण बघतंय? डावीकडे बघा. वर बघा." आमच्या मराठी मंडळाच्या एका सहलीचा फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात पंचवीस-तीस मराठी माणसं चटईवर बसून, हातात वड्यांच्या बशा घेऊन, अरबी समुद्राच्या भलत्याच बाजूला असलेल्या या आखातावरून उज्ज्वल भविष्याकडे बघतायत. एक माझी बायको तेवढी बशीकडे बघतेय.

पुढे देश स्थिरावला तशी तिकिटं रंगीत झाली, मोठी झाली. जंगली फुलं आली, जुनी चित्रं आली, परीकथांचे छोटे ताव आले, ज्यांत सहा तिकिटं मिळून एक गोष्ट सांगतात. शेजारच्या पश्चिम जर्मनीला डिवचणारी तिकिटंही आली. मग पश्चिमेकडचं टपाल खातं त्यांवर काळं फासायचं किंवा पत्रच परत पाठवायचं. हा भाग साडू फार रंगवून सांगत, कारण त्यात त्यांना गुहागरची भाऊबंदकी दिसे. "घराच्या मधे भिंत घातली, तरी एकाने मुद्दाम दुसऱ्याच्या तोंडावर येईल असा बोर्ड लावायचा, आणि दुसऱ्याने त्यावर शेण मारायचं. हे आमच्या वाडीत माझ्या चुलत्यांनी केलं. तिथे ते सरकारांनी केलं, एवढाच फरक." मात्र शेवटच्या पानाशी आले की त्यांचा आवाज उतरे. देश संपायच्या काही महिने आधी तिकिटांवरून त्याचं नाव काढलं गेलं. नुसतं "जर्मन टपाल" एवढंच उरलं. "आधी नाव जातं, मग देश जातो," एवढं म्हणून ते उठत आणि पाणी पिऊन येत. तहान लागलेली नसायची.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, लाइपझिगला व्यापारी जत्रा भरायची आणि तिची तिकिटं निघायची. ती जत्रा साडूंच्या घरीही भरे. त्या शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर सगळ्यांना जेवण. वाडी-गावाकडून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवलेलं खाजं प्रत्येकाच्या हातावर. खाजं नसेल तर आमची जत्रा पुढे ढकलली जाई. मूळ जत्रेवर त्याचा काही परिणाम होत नसे, कारण ती भरून कित्येक वर्षं झालेली असत.

आता त्यांच्या दुसऱ्या कीर्तीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. दम्मामच्या मराठी मंडळींत साडू हे न फसणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. ही प्रसिद्धी करण्यात त्यांनी स्वतः कसूर केली नव्हती. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं ते आठवड्यातून एकदा तरी म्हणत, आणि म्हणताना मिशीवरून बोट फिरवत. सोनं घ्यायचं असो, भाड्याचं घर घ्यायचं असो की जुनी गाडी, माणसं त्यांना बरोबर नेत. एका पोराने जुनी गाडी पसंत केली होती, फार स्वस्त, फार चकचकीत. साडूंनी भिंग काढलं, दाराच्या कडेला डोळा लावला आणि मालकाला हिंदीत विचारलं, "भाईसाब, ठोकी कब?" तो म्हणाला, "कभी नहीं, अल्ला कसम." साडू म्हणाले, "कारखान्याचा रंग असा नसतो. हा रंग कुणी तरी उघड्यावर मारलाय, आणि मारताना वाळू उडत होती." मग त्याने कबूल केलं, की अल खर्जला गेला असताना ट्रकने घासली होती. हा प्रसंग साडू दर जत्रेला सांगत, आणि दर जत्रेला वाळू वाढत जाई.

आणि याच माणसाच्या संग्रहात एक भोक होतं. त्या देशाची एक खोड होती. कुठलाही संच काढला की त्यातलं एखादं तिकीट मुद्दाम कमी छापायचं. देशातल्या नोंदलेल्या शौकिनांना ते कार्ड दाखवून एकेक मिळायचं, बाहेरच्यांनी मात्र चढ्या भावाने घ्यावं. साडू त्याला अडवलेलं तिकीट म्हणत. वर्षानुवर्षं खपून त्यांनी अशी सगळी अडवलेली तिकिटं सोडवून आणली होती, एक वगळता. रानफुलांच्या एका संचातलं निळं फूल. तसं ते बाजारात दिसे, पण साडूंना ते हवं होतं छापखान्यातून आलं तसं: शिक्का नाही, चिकटणीचा डाग नाही, दाते चारी बाजूंनी सारखे, आणि मागचा गोंद कुणाचा श्वासही न लागलेला. किती तरी तिकिटं त्यांनी फोटो बघूनच परत फिरवली होती. शेवटी करोनाच्या थोडं आधी बर्लिनच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांना हवं तसं सापडलं. मागवताना त्यांनी माझ्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सचा पत्ता दिला, कारण घरपोच टपालावर त्यांचा विश्वास नव्हता.

पाकीट आलं तेव्हा ऑगस्ट होता आणि साडू रास तनुराला टाक्या बंद ठेवून करायच्या शटडाउनच्या कामात अडकले होते, आठवडाभर घरी येणार नव्हते. फोनवर म्हणाले, "साडूभाऊ, उघडून बघा, आत ओल तर गेली नाही ना. हात पुसून उघडा." मी हात पुसून उघडलं. आत पारदर्शक कागदाची पिशवी, तिच्यात तिकीट. मागचा गोंद दिव्याखाली चकाकत होता. मी त्यांना तसं कळवलं, पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि ऑफिसला गेलो. आमच्या घरी त्यांच्यासारखी गार खोली नव्हती. खिडकीचा एसी जेवणाच्या खोलीत पोचायच्या आत दमून जायचा. दुपारपर्यंत दमटपणाने तिकीट त्या कागदाला चिकटलं.

माझी बायको शुभा ही जगातली सगळ्यांत मदतशील बाई आहे. तिने ते बघितलं. तिच्या वडिलांना तिकिटांचा नाद होता, आणि पाकिटाला चिकटलेलं तिकीट कसं सोडवायचं हे ती फ्रॉकात असताना शिकली होती: वाटीत पाणी घ्यायचं, तिकीट तरंगत ठेवायचं, सुटलं की टिपकागदावर उलटं वाळवायचं. आपल्याकडे छंद असणाऱ्या प्रत्येक घरात हेच करतात, आणि वापरलेल्या तिकिटाला तेच योग्यही आहे. दम्मामला उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं, गच्चीवरच्या टाक्या तापलेल्या असतात. तसल्या पाण्यात तो गोंद पाच मिनिटंही टिकला नसेल. शुभाने तिकीट वाळवलं, वर पातळ कापड ठेवून हलकी इस्त्री केली, नव्या कोऱ्या पाकिटात घातलं आणि साडू आल्यावर त्यांच्या हातात दिलं. "भाऊजी, चिकटलं होतं. मी छान सोडवून ठेवलंय."

मी तिथे उभा होतो. साडूंनी पाकीट उघडलं, चिमट्याने तिकीट धरलं, पालथं केलं. मागे पांढरा स्वच्छ कागद. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसणार. त्यांनी तिकीट परत सुलटं केलं आणि म्हणाले, "वा. इस्त्रीसुद्धा केलीस? ताईला शिकव जरा. माझे शर्ट बघतेस ना."

गाडीपाशी मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "तिला सांगायचं नाही." मी म्हटलं, "अहो, पण..." ते म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या बायकोला तुम्ही ओळखता की मी? शेजारणीची बरणी फुटली तर दोन दिवस रडली होती ती. हे कळलं तर माझ्या घरात परत कशाला हात लावणार नाही. मला तिच्या हातचे घावणे हवेत, अजून पुष्कळ वर्षं. शपथ घ्या." मी घेतली. तिकीट गोंदाशिवायही तिकीटच आहे, अल्बमात पालथं कोण करणार, असं आम्ही दोघांनी धरलं होतं.

पालथं करणारा शरदातल्या जत्रेला आला. संग्रह पूर्ण झाल्याची बातमी साडूंनी शटडाउनवर असतानाच सगळ्यांना देऊन टाकली होती, त्यामुळे त्या शुक्रवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुण्यांत हैदराबादचे एक डॉक्टर होते, तेही तिकिटांचे जाणकार आणि साडूंचे जुने प्रतिस्पर्धी. त्यांनी हात दाखवले, बसले, निळ्या फुलाचं पान उघडलं, परवानगी मागून तिकीट चिमट्याने उचललं आणि पालथं केलं. मग चष्म्यावरून साडूंकडे बघितलं.

"हज़रत, इसका तो गोंद ही नहीं है."

सगळे पुढे सरकले. शुभा सोलकढीचे ग्लास घेऊन नेमकी दारात उभी होती.

"नहीं है," साडू म्हणाले.

"आपने तो अनछुआ मँगवाया था ना? ये तो धुला हुआ है जनाब. आपको मामू बना दिया किसी ने."

"म्हणजे?" शुभा दारातून म्हणाली. "गोंद असायला हवा होता का? भाऊजी, मी तर ते पाण्यात..."

"तू घातलंस तेव्हा त्याला गोंद नव्हताच," साडू तिच्याकडे न बघता म्हणाले. "तो बर्लिनवाला भामटा निघाला. धुतलेलं तिकीट नवं म्हणून खपवलं. फोटोवर मी फसलो. आणि फसलो तर फसलो, तुम्ही सोलकढी घ्या."

मग कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे जन्माला आला वाटतं तो," आणि सगळे हसले. साडूही हसले. शुभाने सुटकेचा श्वास सोडला आणि ग्लास फिरवायला सुरुवात केली. गोंद मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. मीही हसलो.

त्या दिवसापासून त्यांचं नाव बिनगोंद पडलं. "बिनगोंद साहेबांना विचारा" हा मंडळातला विनोद झाला. जुनी गाडी घेणारी पोरं आता एकटीच जाऊ लागली. सोन्याच्या बाजारात त्यांना कुणी बोलावेना. एकदा ते आपणहून कुणाला घराच्या भाड्याबद्दल सांगायला गेले, तर तो म्हणाला, "काका, तुम्ही आधी बर्लिनचं निस्तरा." साडूंनी मिशीवर बोट फिरवलं नाही. ते वाक्यही त्यांनी परत कधी उच्चारलं नाही. ज्या माणसाला आयुष्यात बढाई मारायला एकच गोष्ट होती, त्याने ती काढून ठेवून दिली, आणि वर दर जत्रेला त्या बर्लिनवाल्याला चार शिव्या घालून गोष्ट ताजी ठेवली, शुभाला चुकूनही शंका येऊ नये म्हणून. तो बर्लिनचा व्यापारी मात्र बिचारा सचोटीचा माणूस होता. त्याच्याकडून साडू गुपचूप पुढेही तिकिटं मागवत राहिले.

पुढे साडू फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे नोकरी आणि देश कायमचा सोडून, गुहागरला जायला निघाले तेव्हा मंडळाने त्यांना निरोप दिला. त्यांच्या नकला मी बऱ्या करतो, म्हणून मला बोलायला उभं केलं. मी टाकी केली, केक केला, डावीकडे वर बघणारा फोटो केला, आणि टाळ्या पडत होत्या म्हणून शेवटी बर्लिनवालाही केला. लोक पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्याने साडू हसले. घरी येताना शुभा म्हणाली, "बर्लिनचं नसतं केलंत तर बरं झालं असतं. त्यांना लागलं असेल." मी गाडी चालवत राहिलो. शपथ होती खरी, पण शपथ गप्प बसायची होती. टाळ्या घ्यायची नव्हती. हे मला त्या दिवसापासून बोचत आलं आहे.

मी अजून दम्मामलाच आहे. वय झालं तरी कफील सोडत नाही, कारण कंपनीच्या जुन्या मालाचे नंबर माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाहीत. यंदाच्या ऑगस्टात एका लग्नाला जायचं होतं. शुभाने आहेराचं पाकीट काढलं तर ते ओलीने आपोआपच बंद झालेलं. ती नखाने ते सोडवत बसली होती. सोडवता सोडवता थांबली.

"अहो," ती म्हणाली, "भाऊजींच्या त्या निळ्या तिकिटाला गोंद नव्हता ना?"

"नव्हता," मी म्हटलं.

"मग ते कागदाला चिकटलं कशाने?"

इतकी वर्षं हा प्रश्न हैदराबादच्या डॉक्टरांना सुचला नव्हता, मंडळातल्या कुणाला सुचला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. गाडीपाशी काय बोलणं झालं तेही. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद करून आली आणि म्हणाली, "मी पुसलं त्यांचं नाव. आणि तुम्ही त्यावर नकला केल्यात." मग म्हणाली, "लिहा हे. मंडळातल्या सगळ्यांना कळू दे." म्हणून लिहितो आहे. दम्मामची जी जी मंडळी हे वाचतील, त्यांनी लक्षात घ्यावं, की आमच्या साडूंना तिकिटांच्या बाबतीत कुणीही, कधीही फसवलेलं नाही. तिकीट अस्सल होतं, गोंदासकट होतं, आणि फसलो असं ते म्हणाले ते आमच्या घरासाठी म्हणाले.

ही हकिगत इथेच संपवायला हरकत नव्हती. पण शुभाने त्यांना फोन लावला, व्हिडिओवर. साडूंना आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, आणि फोन हातात कसा धरायचा हे त्यांना कधीच जमलेलं नाही. त्यामुळे आम्हाला गुहागरच्या घराचा नुसता पंखा दिसत होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते निळं तिकीट मी धुतलं ना?"

"कुठलं? ते? छे गं. तो बर्लिनवाला भामटा. सगळ्या दम्मामला माहीत आहे. नवऱ्याला विचार."

"त्यांनीच सांगितलं."

"म्हातारा झालाय. वय झालं की माणसं काहीही रंगवून सांगतात. त्याला रोज चार बदाम देत जा."

"भाऊजी, गोंद नव्हता तर ते चिकटलं कशाने?"

पंखा फिरत होता. मागे कुठेतरी ताई भांडी लावत होती.

"ओल," शेवटी ते म्हणाले. "दम्मामची ओल फार वाईट. ती कशालाही कशाला चिकटवते."

आम्ही दोघं पंख्याकडे बघत राहिलो. मग पंख्याच्या आडून त्यांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक झालेला.

"शुभा, जेवलीस का गं?"

"नाही अजून."

"मग आधी जेवून घे."